‘चिल’ला हिंदीत काय म्हणायचं?

ढवळे सर खुर्चीत कधी पूर्ण बसले नाहीत. खुर्चीच्या पुढच्या चार बोटं जागेवर ते टेकायचे. पाठ ताठ, दोन्ही हात टेबलावर आणि चेहऱ्यावर भाव असा, की आत्ता कुणीतरी हाक मारेल आणि आपल्याला उठावं लागेल. त्यांच्या खुर्चीची पाठ इतकी वर्षं वापरून कोरी करकरीत राहिली होती. आमचा शिपाई रामसेवक म्हणायचा, “धवले साहब की कुर्सी आधी नयी है।”

धवले म्हणजे ढवळेच. लखनऊच्या जिभेला ‘ळ’ वळत नाही आणि नावाच्या तोंडी ‘ढ’ घ्यायला तिला संकोच वाटतो. जगातली प्रत्येक भाषिक चूक दुरुस्त करायला टपलेल्या या माणसाने स्वतःच्या नावापुढे मात्र हात टेकले होते. “काय सांगावं मॅडम,” ते म्हणायचे, “लग्न करून आलेल्या बाईचं नाव बदलते ना, तसं समजा. लखनऊच्या सासरी आलो, धवले झालो.”

मी नाशिकची. सरकारी कंपनीत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मिळाली लखनऊला, हजरतगंजातल्या ऑफिसात, मनुष्यबळ विभागात. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर चुकून मी त्यांच्याच खोलीत शिरले. चष्मा कपाळावर चढवलेला एक किडकिडीत गृहस्थ हातात लाल पेन घेऊन लिफ्टचं सूचनापत्रक तपासत होता. मी म्हटलं, “सर, ऑनबोर्डिंग के लिए आयी हूँ।”

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “जहाज़ कहाँ लगा है?”

माझा चेहरा पडला असावा. त्यांनी माझ्या हातातल्या कागदावरचं आडनाव वाचलं, चष्मा नाकावर घेतला आणि एकदम मराठीत आले. “अरे, आपल्याकडच्या दिसता! बसा ना. ऑनबोर्डिंग म्हणजे काय हो? रुजू होणं म्हणा ना! रुजू. किती गोड शब्द हाये. रोप रुजते, तसा माणूस रुजते. अन् तुम्ही जहाजावर चढायले निघाल्या!”

ते वर्ध्याचे. हिंदी घेऊन एम. ए. केलेले. आमच्या कंपनीत राजभाषा अधिकारी होते, म्हणजे ऑफिसातली प्रत्येक पाटी, प्रत्येक शिक्का, प्रत्येक नोटीस हिंदीतही आहे ना आणि बिनचूक आहे ना, हे पाहणं त्यांचं काम. ज्या शहरात रिक्षावालासुद्धा भाडं नाकारताना आधी माफी मागतो, त्या शहरातल्या हिंदीची राखण करायला कंपनीने वर्ध्याचा माणूस आणून बसवला होता. आणि तो माणूस ती राखण शेतातल्या हरभऱ्यासारखी करायचा. कुणी इंग्रजी शब्द टाकला की उजव्या हाताचं बोट वर व्हायचं. “म्हणजे काय?” उत्तर आलं नाही की त्यांचा ठरलेला शेरा यायचा. “शब्द म्हणजे काही जावई नाही. घरात घेतला तर त्यानं काम केलं पाहिजे.”

त्यांचं घर जानकीपुरमला होतं आणि मलाही तिथंच दोन गल्ल्या सोडून खोली मिळाली, त्यामुळे रविवारचं जेवण त्यांच्याकडे ठरून गेलं. त्यांच्या पत्नी सुमनकाकूंचा हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ. लखनऊत एवढी वर्षं काढूनही त्या भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागताना वर्ध्याचाच शब्द वापरायच्या. “भैया, जरा ताजा सांभार देना।” आणि दर नवा भाजीवाला तितक्याच अदबीने सांगायचा, “माताजी, सांभर तो होटल में मिलेगा।”

रविवारी सर काय करायचे? सगळं करायचे. न गळणारा नळ उघडून पुन्हा बसवायचे. शनिवारी धुतलेली स्कूटर पुन्हा धुवायचे. जेवण झाल्यावर मी नुसती भिंतीला टेकून बसले तरी त्यांना चैन पडायचं नाही. “बरं नाही का तुम्हाले?” असं ते काळजीने विचारायचे. काकू म्हणायच्या, “यायले सुट्टी मिळाली की मले ताप येते बाई. सहा दिवस ऑफिस यायले सांभाळते, सातव्या दिवशी माह्या गळ्यात टाकते.”

त्यांना एकच मुलगी. भाषेचा माणूस, म्हणून तिचं नाव वाणी. ती लखनऊतच वाढलेली, मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची आणि तेही इथल्या पद्धतीने स्वतःला ‘हम’ म्हणत. गुडगावला एका खाजगी कंपनीत मोठ्या पगारावर होती. दर रविवारी जेवणाआधी तिला फोन लागायचा आणि स्पीकरवर असल्यामुळे मलाही सगळं ऐकू यायचं.

“जेवली का?”

“हाँ पापा, चिल।”

“आवाज बसलेला वाटते. सर्दी झाली का?”

“अरे चिल पापा, हम ठीक हैं।”

“मागच्या महिन्यात सुट्टी मिळणार होती, काय झालं तिचं?”

“पापा! चिल!”

फोन ठेवून सर ताटावर बसायचे तेव्हा त्यांचे कान लाल झालेले असायचे. “पाहा मॅडम. तीन प्रश्न इचारले, तिन्हीले एकच उत्तर. परीक्षेत असं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.”

नियतीचा विनोद असा की मुख्य कार्यालयातून आमच्या विभागात आदेश आला. कर्मचाऱ्यांचा ताण हलका करण्यासाठी प्रत्येक कार्यालयात एक खोली राखून ठेवावी, तिच्यात कॅरम, पुस्तकं आणि बसायला मऊ बीनबॅग ठेवाव्यात आणि तिला ‘चिल झोन’ म्हणावं. आदेश माझ्या टेबलावर आला, कारण खोली शोधणं माझं काम. खाली एक ओळ होती, ‘नामफलक नियमानुसार हिंदी व इंग्रजीत असावा.’ ती ओळ घेऊन मी जिना उतरले तेव्हा मला स्वतःचंच वाईट वाटत होतं.

सरांनी आदेश दोनदा वाचला. “हा वाणीनं पाठवला का?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच तसं वाटलं असावं.

मग त्यांनी कोश काढले. लहान काढला, मोठा काढला, कपाटावरचा धूळ खात पडलेला दोन खंडांचाही काढला. तासाभराने मला बोलावणं आलं. “ऐका. चिल म्हणजे ठंड. चिल म्हणजे सिहरन, अंगावर काटा येणं. चिल म्हणजे कँपकँपी. अन् हा शेवटला अर्थ पाहा, चिल म्हणजे एखाद्याचा उत्साह घालवणं, त्याले निरुत्साही करणं.” त्यांनी कोश मिटला. “माणसं कापतील आणि निरुत्साही होतील, यासाठी कंपनी खोली बांधून राहिली! वरून कॅरम देऊन राहिली!”

“सर, तसा अर्थ नाही. म्हणजे निवांत. रिलॅक्स.”

बोट वर झालं. “रिलॅक्स म्हणजे काय?”

आमच्या कार्यालयाचे प्रमुख मिश्रासाहेब होते. अस्सल लखनवी. कुणाला रागवायचं असलं तरी आधी चहा मागवायचे. त्यांच्या केबिनमध्ये बैठक भरली. सरांनी प्रामाणिकपणे पहिला पर्याय ठेवला, ‘विश्राम कक्ष’. मिश्रासाहेब हळहळले. “बहुत अच्छा है धवले जी, मगर दफ़्तर के वक़्त में विश्राम लिखा देखकर ऊपर वाले हमें स्थायी विश्राम दे देंगे।” ‘तनाव मुक्ति कक्ष’ म्हटल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. “मुक्ति शब्द रहने दीजिए। हमारे यहाँ आधे लोग रिटायरमेंट के क़रीब हैं, घबरा जाएँगे।”

मी भीतभीत म्हटलं, “फ़ुरसत?”

मिश्रासाहेबांनी डोळे मिटले. “वाह। क्या लफ़्ज़ है।” दोन क्षण ते त्या लफ़्ज़ाच्या सावलीत बसले. मग डोळे उघडले. “नहीं हो सकता। अख़बार वाले दरवाज़े की फ़ोटो खींच लेंगे। सरकारी दफ़्तर में फ़ुरसत।”

निरीक्षणाला वरून पथक येणार होतं. पाटी तर हवीच होती. शेवटी सर्वांनी थकून कोशातल्या पहिल्याच अर्थाकडे माघार घेतली आणि ठरलं, ‘शीतल कक्ष’. सरांना ते पसंत नव्हतं, पण बिनचूक होतं. अमीनाबादला एका रंगाऱ्याकडून त्यांनी स्वतः उभं राहून पाटी रंगवून घेतली, वेलांटीची लांबी तीनदा मोजून.

मे महिना होता. बाहेर पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे पारा आणि आत खोलीच्या दारावर ‘शीतल कक्ष’. काय व्हायचं ते पहिल्याच दिवशी झालं. हिशेब विभागातल्या बायकांनी दही आणून ठेवलं. कुणीतरी दशहरी आंब्यांची पेटी ठेवली. दुपारी एका अधिकाऱ्याच्या निरोप समारंभाचे हार पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून कॅरमवर पसरले गेले. बीनबॅगवर कलिंगड बसलं. तिसऱ्या दिवशी त्या खोलीचा वास दरवाजा उघडण्याआधी भेटायला यायला लागला.

त्यात त्या खोलीतला एसी जुना. तो आवाज करायचा, वारा काही द्यायचा नाही. युनियनचे पांडेजी चार माणसं घेऊन सरांच्या दारात उभे राहिले. “धवले साहब, शीतल कक्ष में शीतलता का घोर अभाव है। या तो शीतलता दीजिए, या नाम वापस लीजिए।”

“शीतलता मेरे विभाग में नहीं आती, पांडे जी। मेरे विभाग में केवल शब्द आता है।”

“तो शब्द ग़लत है।”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. पांडेजी गेल्यावर त्यांनी स्टूल आणलं, त्यावर चढून स्वतःच्या हातांनी पाटी उतरवली आणि बगलेत धरून घेऊन गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब इतका वाढला की मिश्रासाहेबांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून घरी पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा, चालत जा आणि डोकं शांत ठेवा. “डॉक्टरसाहेब इंग्रजीत काय म्हणाले, सांगू का?” काकूंनी मला डोळा मारत विचारलं. सर कूस बदलून भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्याच आठवड्यात वाणी अचानक घरी आली. सुट्टी मिळाली, म्हणाली. मोठी बॅग होती. काकूंना आनंद झाला. सरांना त्याहून झाला, पण त्यांनी तो लगेच कामाला लावला. रविवारी मी पोचले तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिची तोंडी परीक्षा चालली होती.

“वाक्यात उपयोग कर.”

“पापा, प्लीज़।”

“कर म्हटलं तर!”

वाणीने सुस्कारा सोडला. “अच्छा। हम संडे को चिल करते हैं।”

“क्रियापद. पुढे.”

“वो बंदा बहुत चिल है।”

“विशेषण!”

“थोड़ा चिल मार यार।”

“हे नाम झालं. मारता येण्यासारखं.” सरांचे डोळे चमकायला लागले होते. “अजून?”

“कोई सॉरी बोले तो हम बोलते हैं, चिल। मतलब कोई बात नहीं।”

“म्हणजे क्षमासुद्धा यातच?” ते थक्क झाले. “हा शब्द हाये की सरकारी जीप? ज्याले पाहिजे त्यानं, पाहिजे तिकडे न्यावी!”

आम्ही तिघी हसलो. वाणी हसताना मला दिसलं की तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय आणि समोरच्या सांभारवडीचा तिने एकच घास खाल्लाय. पण ते मला दिसलं आणि मी सोडून दिलं. लग्न न झालेल्या, दूर राहणाऱ्या मुली अशाच दिसतात. मीही तशीच दिसत असेन.

“पापा, ये ऐसे समझ में नहीं आएगा,” वाणी म्हणाली. “शाम को गंज चलिए। आपको गंजिंग कराते हैं।”

हजरतगंजात संध्याकाळी काही काम नसताना नुसतं फिरणं, याला लखनऊत गंजिंग म्हणतात. ज्या रस्त्यावर सरांनी उभी हयात ऑफिसला जाण्यायेण्यात घालवली, त्या रस्त्यावर ते एकदाही विनाकारण चालले नव्हते. कपडे बदलून, पायात बूट घालून, खिशाला पेन लावून ते निघाले. काकू चिकनच्या भरतकामाची नवी साडी नेसल्या. मलाही ओढलं.

मेट्रोतून उतरून दिवे लागलेल्या त्या रस्त्यावर आम्ही चालायला लागलो. पन्नास पावलं गेलो नसू, सर थांबले.

“कुठं जायचं हाये?”

“कहीं नहीं पापा।”

“कहीं नहीं म्हणजे किती दूर?”

“अरे, कहीं नहीं मतलब कहीं नहीं। बस चलिए।”

ते चालले. पण चालणार कसे? डाव्या हाताला पाट्या होत्या. एका दुकानावर ‘वस्त्र’मधला अर्धा ‘स’ पूर्ण होता. एका मिठाईवाल्याने नेमका ‘शुद्ध’ हा शब्दच अशुद्ध लिहिला होता. सरांनी आत जाऊन दुकानदाराला समजावलं. दुकानदाराने हात जोडून आभार मानले, आम्हा चौघांना एकेक पेढा दिला आणि पाटीला हात लावणार नाही हे चेहऱ्यानेच सांगितलं. वाणी बाहेर कपाळाला हात लावून उभी होती. “पापा से नहीं होगा,” ती मला म्हणाली. “इनकी बैटरी में ऑफ़ का बटन ही नहीं है।”

पुढे एक लोखंडी बाक रिकामा मिळाला. काकू आणि मी समोरून चाटचे द्रोण आणायला गेलो. परत आलो तेव्हा बापलेक बाकावर बसले होते, सर नेहमीप्रमाणे कडेला टेकून. बाकाच्या मागून येताना मला वाणीचा आवाज ऐकू आला आणि मी काकूंना दंड धरून तिथंच थांबवलं.

“पापा, हमने जॉब छोड़ दी।”

सर उठून उभे राहिले. दोन पावलं रस्त्याकडे गेले. मला वाटलं, आता बोट वर होणार. ते परत वळले.

“कधी?”

“हो गए काफ़ी दिन। सुबह उठते ही साँस नहीं आती थी पापा। लैपटॉप खोलते ही हाथ काँपते थे। डॉक्टर को दिखाया। उन्होंने कहा, बंद कीजिए कुछ दिन। रोज़ सोचते थे कि आज बता दें।”

“रोज? मी दर रविवारी फोन करत होतो. जेवली का इचारलं, सर्दी झाली का इचारलं. तू म्हणायची, चिल.”

“तो क्या बोलते? आप सुनते ही बीमार पड़ जाते। चिल मतलब...” ती थांबली. “चिल मतलब आगे मत पूछिए पापा।”

समोरून पोरं घोळक्याने हसत जात होती. मग सर हळूच म्हणाले, “अन् मी कोशात पाहून राहिलो होतो.”

ते बाकावर बसले. पूर्ण बसले. पाठ मागच्या लोखंडाला टेकली, पाय लांब झाले. वाणी उभी होती, रडत. त्यांनी शेजारच्या जागेवर हात आपटला आणि तिच्या हिंदीत तिला म्हणाले, “आओ, बैठो।”

ती बसली. आम्ही दोघी द्रोण घेऊन पुढे झालो. काकूंना सगळं ऐकू गेलं होतं, पण त्यांनी एवढंच म्हटलं, “गरम हाये, खाऊन घ्या.” सरांनी डॉक्टरांनी बंद केलेली ती चटकदार चाट पूर्ण द्रोण चाटून खाल्ली. मी वाट पाहत होते की आता ते विचारतील, पुढं काय ठरवलं, दुसरीकडे अर्ज केला का, भाड्याच्या घराचं काय. त्यांनी काही विचारलं नाही. वाणीनेच शेवटी विचारलं, “अब क्या करेंगे पापा?”

“पाहू,” ते म्हणाले.

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या मला नंतर म्हणाल्या, या माणसाच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. किती वेळ बसलो कोण जाणे. समोर एका दुकानाच्या पाटीवर ‘आभूषण’मधला ‘ष’ चक्क ‘श’ होता. सर सरळ त्याच्याकडे पाहत होते. बोलले मात्र नाहीत.

सोमवारी सकाळी ते मिश्रासाहेबांकडे गेले, मलाही बोलावून घेतलं. त्यांनी कागदावर नवी पाटी लिहून आणली होती, ‘आइए, बैठिए’.

मिश्रासाहेबांनी कागद जवळ धरला, लांब धरला. “धवले जी, यह तो क्रिया है। वह भी आज्ञार्थक। कमरे का नाम संज्ञा होना चाहिए न?”

“आज्ञार्थक नहीं सर, आग्रहार्थक है,” सर म्हणाले.

मिश्रासाहेबांनी कागदावर सही केली. लखनऊत आग्रहाला नकार देणारा माणूस अजून जन्मलेला नाही.

निरीक्षण पथक आलं. त्यांचे प्रमुख अधिकारी देहाने भारदस्त आणि स्वभावाने त्याहून. प्रत्येक पाटीपुढे थांबून ते फाईलमध्ये खूण करत होते. मग ते त्या दारापुढे थांबले.

“चिल झोन का हिंदी रूप ‘आइए, बैठिए’? यह किस शब्दकोश में है?”

ढवळे सरांनी दार उघडलं, लवून आत हात केला. “बताता हूँ सर। पहले आइए, बैठिए।”

अधिकारी आत आले आणि इकडेतिकडे खुर्ची न दिसल्याने निळ्या बीनबॅगवर बसले. बीनबॅग त्यांना आत घेत गेली, घेत गेली, थेट गुडघे छातीला लागेपर्यंत. फाईल हातातून निसटली. त्यांनी उठायचा एक प्रयत्न केला, मग दुसरा. तिसऱ्या प्रयत्नात त्यांना कळलं की हे एकट्याचं काम नाही आणि चारचौघांत हात मागणं शोभणार नाही. मिश्रासाहेबांनी प्रसंग ओळखून चहा मागवला. मग समोसे मागवले. अधिकारी तिथंच बसून बोलत राहिले. आधी निरीक्षणाबद्दल, मग लखनऊच्या उन्हाळ्याबद्दल, मग त्यांच्या गावच्या नदीबद्दल, आणि शेवटी, जोडे काढून, त्यांच्या गुडघेदुखीबद्दल. सर शेजारच्या बीनबॅगवर होते. दोघांना बाहेर काढायला पांडेजी आणि रामसेवक, दोघांनाही यावं लागलं.

अहवालात शेरा आला, ‘राजभाषा का सहज एवं आत्मीय प्रयोग।’ सरांनी तो मला दाखवला, पण जेवढा आनंद व्हायला हवा तेवढा त्यांना झालेला दिसला नाही. “‘एवं’ कायले लिहिलं?” ते म्हणाले. “‘और’ म्हणायले काय झालं होतं?”

वाणी लखनऊतच राहिली. पहिले काही महिने ती नुसती झोपायची, सकाळी दहाला उठायची आणि सर ऑफिसला निघताना तिच्या खोलीबाहेरून पाय न वाजवता जायचे. काकूंनी एकदा तिला हाक मारली तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. पुढे तिने घरी बसून करण्यासारखं लहानसं काम धरलं, पगार आधीच्या निम्माही नव्हता. नातेवाईक फोनवर विचारायचे, पोरगी काय करते? सर सांगायचे, “बरी हाये.” कामाचं विचारलं होतं, हे त्यांच्या लक्षात येत नसेल असं नाही.

मग ते निवृत्त झाले आणि माझी भोपाळला बदली झाली. फोन व्हायचे. माझ्या बोलण्यात ‘डेडलाइन’ आली की पलीकडून लगेच प्रश्न यायचा, “कोण मेलं?”

मागच्या वर्षी कंपनीच्या कामाने लखनऊला गेले. मुद्दाम न कळवता दुपारी जानकीपुरमला पोचले. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाहेरच्या खोलीत, दिवाणावर, ढवळे सर उताणे पसरले होते. एक हात खाली लोंबकळत होता. तोंड किंचित उघडं, चष्मा पोटावर, वर पंखा आणि खिडकीबाहेर कूलरचा एकसुरी आवाज. वाणी आतल्या खोलीत हेडफोन लावून काम करत होती, तिने मला पाहून हात हलवला. तिचा चेहरा भरला होता.

“उठवू का यायले?” काकू कुजबुजल्या.

मी नको म्हटलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी चहा घेतला, त्यांनी बळेच चिवडा बांधून दिला. जाताना मी पुन्हा एकदा दिवाणाकडे पाहिलं. सरांनी झोपेत कूस बदलली आणि उशी पोटाशी घेतली. मला बैठकीला परत जायचं होतं, तरी मी जरा वेळ तिथं उभी राहिले.

संध्याकाळी फोन आला. आवाज चढलेला.

“काहो मॅडम, घरी येऊन माणसाले न भेटता जाता? हे कोणत्या गावचं वागणं झालं?”

“तुम्ही झोपला होतात सर.”

“झोपलो कुठं होतो? जरासं आंग टाकलं होतं.”

“घोरत होतात.”

पलीकडे काकू आणि वाणी दोघी खळखळून हसल्या.

“उद्या या,” मग सर म्हणाले. “वाणी पोहे करते. सकाळी या, नाहीतर संध्याकाळी या.” आणि जरा आवाज खाली आणून, “दुपारी नका येऊ.”